मोडीच्या भावात हजार वर्षं

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तांब्याची एकही खाण नाही. जस्ताची नाही, कथिलाचीही नाही. कुंभकोणमच्या शेतांत खोल खणत गेलं तरी लागतो तो गाळच, नदीने आणून पसरलेला, चिमटीत धरला तर मैद्यासारखा. तरी या गावाच्या दहा-बारा किलोमीटरच्या आसमंतात धातूची एवढी कामं चालतात की परक्याला वाटावं इथे पितळ जमिनीतूनच उगवतं. पश्चिमेला स्वामिमलैला देवांच्या ओतीव मूर्ती घडतात, आग्नेयेला नाच्चियारकोविलला समया, आणि खुद्द कुंभकोणमच्या भांडेबाजारात हंडे, घंटा, पराती आणि कॉफीचे डवरा-टंबलर, म्हणजे वाटी आणि पेला, उतरंडी करून ठेवलेले असतात. यातलं गुंजभर तांबंसुद्धा इथलं नाही. सगळं कुणाच्या ना कुणाच्या सोबतीने प्रवास करत आलं, आणि त्यातलं बरंचसं इथे पोचण्याआधी दुसरंच काहीतरी होतं.

गावाची दंतकथाही याच वळणाची आहे. प्रलयाच्या पाण्यात ब्रह्मदेवाचा अमृतकुंभ तरंगत तरंगत इथे येऊन टेकला, शंकराने किराताच्या वेषात बाण मारून तो फोडला, आणि मग कुंभाचे तुकडे आणि अमृताने भिजलेली वाळू एकत्र मळून त्याचं लिंग केलं. आदिकुंभेश्वराच्या मंदिरातलं हे लिंग वाळूचं मानतात, म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक होत नाही, सुगंधी लेप लावतात. वाहून आलेली वस्तू, तीही फुटलेली, आणि पडली त्याच जागी कामाला लावलेली. आपल्या गावाचा उगम असा खापरांतून सांगणारी पुराणकथा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

आता मोडीकडे वळू. जुनी तांब्यापितळेची भांडी दुकानात वजनावर द्यायची आणि वरचे पैसे भरून नवी घ्यायची, ही रीत आपल्याकडे होती तशीच तिकडेही आहे. मोडीचा भाव नव्या मालाहून कमी, त्यातून डागाची घट वजा, वर घडणावळ वेगळी. दुकानदाराला तुमच्या आजीची आठवण विकत घ्यायची नसते, तो काटा बघतो. अशा मोडीचा ढीग जरा जवळून पाहावा. पोचे पडलेल्या कळश्या, नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, जीभ तुटलेली घंटा, समईचं एकटं राहिलेलं बूड, काठ गेलेली परात. आणि लोट्यांच्या काठांवर पोगराने ठोकून ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावं. आहेर कुणी दिला, कुणाला दिला, कोणत्या साली. आपल्या माळ्यावरच्या भांड्यांवर असतात तशीच, फक्त लिपी तमिळ. सुमारे ९३० अंश सेल्सियसला ही नावं पुसली जातात.

पितळ वितळतं ते याच्या आसपास; जस्त किती आहे त्यावर वीस-तीस अंश इकडे तिकडे. या वितळण्याला खरोखर किती ऊर्जा लागते याचा हिशेब केला तर आकडा इतका लहान येतो की पुन्हा तपासावासा वाटतो. एक किलो पितळ खोलीच्या तापमानापासून वितळेपर्यंत न्यायला सुमारे ५१० किलोज्यूल, म्हणजे ०.१४ युनिट वीज. दहा वॉटचा एलईडी दिवा चौदा तास जळतो तेवढी. भट्टीत उष्णता वाया जाते, मूस तापते, हवा तापते, म्हणून प्रत्यक्षात कित्येक पट लागते. तरी मूळ किंमत एवढीच. याउलट तेच तांबं नव्याने खणून काढायचं तर आज जगातल्या खाणींमधल्या दगडात ते सरासरी अर्धा-पाऊण टक्का असतं. ०.६ टक्के धरलं तर किलोभर तांब्यासाठी १६७ किलो खनिज फोडायचं, दळायचं, घुसळायचं, भाजायचं. वरचा खडक उपसला तो यात धरलेलाच नाही. कॉफीचा डवरा आणि टंबलर मिळून पाव किलो पितळ म्हणू. त्यात तांबं १६० ग्रॅमच्या आसपास. त्यासाठी नव्याने २७ किलो दगड, किंवा मोडीतून अर्धा तुटका लोटा.

त्याच डवऱ्यातून सकाळ-संध्याकाळ एकेक कॉफी, चाळीस वर्षं, म्हणजे २९,२०० वेळा प्यायली जाते. कागदी कप पाच ग्रॅमचा धरला तर तेवढ्याच कॉफीला १४६ किलो कप लागतील, आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा लावलेले, जे कुठलाही भंगारवाला हौसेने उचलत नाही. चाळीस वर्षांनी डवऱ्याचं वजन मात्र घासून घासून गेलेल्या चिमूटभराखेरीज तेवढंच असतं, आणि त्याला गिऱ्हाईक असतं. कुंभकोणमचं नाव लावून महामार्गावर डिग्री कॉफी विकणारी जी दुकानं निघाली आहेत, त्यांची मला एवढीच गोष्ट आवडते की त्यांनी पितळेचा डवरा सोडलेला नाही.

पण धातू अमर असतो असं मात्र नाही. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. पितळेत तांब्याने त्याला धरून ठेवलेलं असलं तरी प्रत्येक ओतकामात थोडं निसटतं. मुशीवर पांढरा धूर दिसतो तो त्याचाच. थोडा धातू मळीत जातो, थोडा कानशीच्या किसात. दर खेपेला शंभरातले तीन गेले असं धरून चालू. मग तेविसाव्या वितळणीनंतर मूळ धातूतला निम्मा उरतो. भांड्याचं आयुष्य चाळीस वर्षांचं धरलं तर तेवीस वितळणींना लागतात ९२० वर्षं. म्हणजे चोळांच्या राज्यात ओतलेल्या एखाद्या घागरीतलं निम्मं द्रव्य, जर ते मोडीच्या फेऱ्यातच राहिलं असेल, तर आजही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आहे. तोटा एकच टक्का धरला तर निम्मं व्हायला ६९ वितळण्या आणि पावणेतीन हजार वर्षं लागतात. तीन टक्के हा माझा अंदाज आहे, भट्टीगणिक तो बदलेल, पण कुठलाही समंजस आकडा घातला तरी उत्तर शतकांतच येतं.

मग हे द्रव्य मुळात आलं कुठून? चोळ काळातल्या तांब्याबद्दल काही अभ्यासक श्रीलंकेतल्या सेरुविलाच्या खाणीकडे बोट दाखवतात. वाद अजून मिटलेला नाही. नंतरच्या काळाचं मात्र बरंच स्पष्ट आहे. डच कंपनी नागासाकीहून जपानी तांब्याच्या कांड्या पेट्यांत भरून चोळमंडल किनाऱ्यावर आणून विकत असे. १६९० पासून १७८१ पर्यंत या किनाऱ्यावरचं तिचं मुख्य ठाणं होतं नागपट्टिनम, कुंभकोणमपासून साठ-सत्तर किलोमीटरवर. तंजावरला तेव्हा मराठ्यांचं राज्य होतं. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास गादी घेतली, ती १८५५ पर्यंत टिकली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले, देशस्थ मराठी घरात. लहानपणी ते ज्या लोट्याने पाणी प्यायले असतील त्यात थोडं जपान असण्याची शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी खासच नाही.

दुसरा झरा नाण्यांचा. इंग्रजी अमदानीतला तांब्याचा पैसा १०० ग्रेनचा, म्हणजे ६.४८ ग्रॅमचा असे. रुपयाला चौसष्ट पैसे, तेव्हा एक रुपयाचे सुटे मागितले की ४१५ ग्रॅम तांबं पदरात पडायचं. तांब्याचा बाजारभाव नाण्यावरच्या आकड्याच्या वर गेला की नाणी मुशीत जात, हे सगळ्या जगात झालेलं आहे. आपली शिवराई, दहा-बारा ग्रॅमची, कित्येक घरांत देव्हाऱ्यात जाऊन बसली म्हणून वाचली. ज्या शिवराया खर्चात राहिल्या त्यांची पातेली झाली असतील.

कुंभकोणमला दर बारा वर्षांनी महामहमचा मेळा भरतो. सव्वासहा एकरांचं तळं, काठावर सोळा मंडप, तंजावरच्या नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षिताने बांधलेले. आधीचा २०१६ च्या फेब्रुवारीत झाला, पुढचा २०२८ मध्ये. यात्रेकरू लाखांनी येतात, आणि तीर्थाला आलेला माणूस पाण्यात नाणं टाकतोच. तांब्याच्या पैशाच्या काळात लाख माणसांनी एकेक पैसा टाकला असेल तर ६४८ किलो तांबं तळ्यात पडलं. बुड्या मारून ते वर काढणारी पोरं तेव्हाही असणारच. आज दहा लाख माणसांनी रुपया टाकला तर तीन-चार टन धातू होतो, पण तो गंज न चढणारं पोलाद. त्याची समई होत नाही. सरकारने नाणं बदललं आणि तीर्थातली मोडही बदलून गेली, ही गोष्ट कुठल्या अर्थसंकल्पी भाषणात आली नसेल.

आता गावाबाहेरचं तांबं पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगाने सुमारे ६९ कोटी टन तांबं बनवलं आणि त्यातलं दोन-तृतीयांश अजून वापरात आहे, असा तांबे-उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अंदाज आहे. हे सगळं एका ठिकाणी आणून त्याचा घन केला तर बाजू सव्वाचारशे मीटर भरते. तंजावरच्या बृहदीश्वराचं विमान सहासष्ट मीटर आहे, त्याच्या सहापटीहून जास्त. ऐकायला प्रचंड वाटतं, पण डोकं चक्रावतं ते उलट्या टोकाला गेल्यावर.

समजा हजार वर्षांपूर्वी कुंभकोणमच्या एखाद्या घरात पाच किलोची तांब्याची घागर होती. ती मोडीत गेली, पुन्हा पुन्हा वितळली, आणि समजा तिचे अणू आज जगात वापरात असलेल्या साधारण ४५ कोटी टन तांब्यात अगदी एकसारखे मिसळले. तिच्यात अणू होते सत्तेचाळीसवर चोवीस शून्यं एवढे. आता तुमच्यासमोरचा डवरा-टंबलर उचला. त्यातल्या १६० ग्रॅम तांब्यात त्या एका घागरीचे किती अणू येतील? सतरा लाख कोटी. सेकंदाला एक या गतीने, न झोपता मोजत बसलात तर पाच लाख चाळीस हजार वर्षं. आणि या सगळ्या अणूंचं मिळून वजन ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाच्या दुप्पटसुद्धा नाही.

अर्थात तांबं हवेसारखं मिसळत नाही. चिलीतली विजेची तार आणि कुंभकोणमची परात यांची भेट क्वचित होते. पण म्हणूनच इथल्या भांड्यात इथल्या जुन्या भांड्यांचा अंश कितीतरी जास्त असणार. फक्त तो ओळखायला कुठलीही खूण शिल्लक नसते.

यातून एक विचित्र गोष्ट समजते. चोळ काळातले नटराज आपण संग्रहालयांत पाहतो, पण त्याच काळातल्या पळ्या, तपेली, पराती किती पाहतो? देवळात नटराज एक आणि पराती शंभर, हे प्रमाण तेव्हाही असणार. मूर्ती राहिल्या त्या बऱ्याचशा वापरातून बाहेर पडल्या म्हणून. राजराजाच्या शिलालेखांत बृहदीश्वराला दिलेल्या ६६ धातुमूर्तींची नोंद आहे. त्यांतल्या आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच सापडतात. धामधुमीच्या दिवसांत पुजाऱ्यांनी मूर्ती जमिनीत पुरल्या, पुरणारे गेले, जागा विसरली गेली. तंजावर भागातल्या पत्तूर गावी १९७६ मध्ये एका भूमिहीन मजुराच्या फावड्याला असाच नटराज लागला. तो हातोहात विकला जात लंडनला पोचला, तिथे खटला उभा राहिला, इंग्लंडच्या न्यायालयाने देवळाला वादी म्हणून मान्य केलं आणि १९९१ मध्ये देव घरी परतला. मातीत निजलेल्या धातूला न्यायालय मिळालं. वापरल्या गेलेल्या धातूला तराजू. माझा कल तराजूकडे आहे, हे सांगून टाकतो. संग्रहालयातली वस्तू मोलाची खरी, पण जुनं द्रव्य बघायचं असेल तर भांडेबाजारात जावं, ते तिथे नव्या कोऱ्या चकाकीत, वय लपवून बसलेलं असतं.

प्रवासात हाती लागलेली वस्तू न मोडता कामाला लावण्याचा हव्यास राजेलोकांचा. पहिल्या राजाधिराज चोळाने अकराव्या शतकात चालुक्यांचं कल्याणी जाळलं आणि तिथला दगडी द्वारपाल उचलून आणला, पायाशी तसा लेख कोरून. तो कुंभकोणमला खेटून असलेल्या दारासुरमला सापडला. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा आणल्या. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच मानतात, तिच्यावर क्रूस आणि १७२९ हे साल आहे. तिची मोड केली असती तर चांगले पंधरावीस हंडे निघाले असते. टांगली, आणि ती वाजते आहे.

ज्या कल्याणीतून द्वारपाल आला तिथेच शंभरेक वर्षांनी सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ लिहिला. मूर्तीला मेण किती आणि त्याच्या किती पट धातू लागेल, हे गणित त्यात दिलेलं आहे. स्वामिमलैचा स्थपती आजही तेच करतो. मेण आणि राळ कालवून मूर्ती घडवायची, तिला कावेरीच्या बारीक गाळाचे थर द्यायचे, वाळवायचं, गोवऱ्यांच्या आगीत तापवून मेण ओतून काढायचं, आणि त्या पोकळीत पातळ झालेला धातू सोडायचा. मेणापेक्षा तांबं सव्वानऊ पट जड, म्हणून किलोभर मेणाला साधारण नऊ किलो धातू. साचा फोडावाच लागतो, पण त्याची माती पुन्हा मातीतच जाते, आणि निघालेलं मेण पुढच्या मूर्तीला. धातूचीच नाही, इथे मेणाचीही मोड असते.

२०२३ मध्ये जी-२० परिषदेसाठी दिल्लीच्या भारत मंडपमपुढे जो सत्तावीस फुटी नटराज उभा केला, तो याच स्वामिमलैचा. राधाकृष्णन स्थपती आणि त्यांच्या माणसांनी सात महिन्यांत केला. अष्टधातू, वजन अठरा टन. पाव किलोचा एक या हिशेबाने त्यात ७२,००० डवरा-टंबलर मावतील. नवाला एक या प्रमाणाने तेवढ्या धातूला दोन टन मेणमिश्रण लागतं. त्यात निम्मं मधमाशीचं मेण धरलं तर एक टन. मधमाशी पोटाखालून मेणाचे पापुद्रे सोडते, आणि एका ग्रॅमला असे सुमारे ११०० पापुद्रे लागतात. म्हणजे एका नटराजासाठी ११० कोटी. माश्यांनी ते पोळ्यासाठी केलेले असतात. मध काढून घेतल्यावर उरलेलं पोळं हा मधवाल्याचा कचरा.

एवढ्या धातूला घरगुती मोड पुरत नाही. आज देशात पितळेचं भंगार जहाजांतून येतं, जामनगरसारख्या गावांचा सगळा धंदा त्यावर चालतो. त्या व्यापाराची भाषा गमतीची आहे. तारेच्या काळात शब्दाला पैसे पडत, म्हणून अमेरिकी व्यापाऱ्यांनी भंगाराच्या प्रतींना सुटसुटीत सांकेतिक नावं दिली. तांब्याची स्वच्छ उघडी तार म्हणजे बार्ली, जाड तांबं म्हणजे कँडी, पिवळं पितळ म्हणजे हनी. तारा बंद झाल्या, नावं राहिली. आपल्याकडचा भंगारवालाही आज हनीचा भाव विचारतो आणि त्याला मधाशी काही देणंघेणं नसतं. परदेशातल्या कुठल्या तरी स्नानगृहाचा नळ हनी होऊन येतो आणि समईचं बूड होऊन देवघरात बसतो. नाच्चियारकोविलची समई चार भागांत ओततात, बूड, दांडा, तेलाचं ताट आणि वरचा हंस किंवा कळस, आणि मग ते आट्यांनी एकात एक बसवतात. एखादा भाग झिजला, पडून चिरला, तर तेवढाच मोडीत देता येतो. ही सोय मुद्दाम केली की ओतायला सोपं म्हणून झाली, कोण जाणे, पण आजच्या कुठल्याही महागड्या यंत्रात ती मिळत नाही.

तुम्ही मोड घेऊन जाणार असाल तर दोन गोष्टी घरूनच करून जा. लोखंडी कड्या आणि खिळे आधी काढून टाका, नाहीतर दुकानदार त्यांच्या दुप्पट वजन कापतो. आणि तांबं व पितळ वेगळ्या पिशव्यांत न्या. एकत्र नेलंत तर सगळ्याला भाव पितळेचा लागतो.